पंचवीसपैकी नऊ

रेणूला मी पंचवीसपैकी नऊ मार्क दिले. बाकीच्या तिघांनी तिला एकवीस, एकोणीस आणि अठरा दिले होते. माझ्या नऊमुळे ती तीन मार्कांनी मागे पडली, आणि माझ्या बायकोनं सतरा वर्षं चालवलेली मुलींची बास्केटबॉलची टीम त्याच वर्षी संपली. हे कसं झालं ते लिहून ठेवतो.

मी उमराव कापगते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून सात किलोमीटरवर आमचं गाव. घरची धानाची शेती. माझी बायको चंद्रकांता भंडाऱ्याची. लग्नाआधी ती विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळली होती. लग्नाच्या वेळी माझ्या आईला एवढंच सांगितलं होतं की मुलगी जरा उंच आहे. आई म्हणाली, "बरं आहे, कोठीवरचे डबे काढाले स्टूल नाही लागणार."

लग्नानंतर आठ वर्षांनी चंद्रकांता तालुक्याच्या कॉलेजात मुलींची कोच झाली. मानधनावर. दर वर्षी नवीन ऑर्डर निघायची. सकाळी साडेपाचला ती स्कूटीवर निघायची आणि साडेआठला येऊन भाकरी टाकायची. खेड्यापाड्यातल्या पोरी. कुणाचा बाप हाफपँट घालू देईना, कुणाच्या आईला धान रोवणीला पोरगी हवी. चंद्रकांता त्यांच्या घरी जाऊन बसायची, चहा प्यायची, उठायची नाही. शेवटी बाप कंटाळून हो म्हणायचा. तिच्या टीमनं एकदा विद्यापीठाची ढाल आणली आणि दोनदा थोडक्यात घालवली.

मागच्याच्या मागच्या जूनमध्ये तिला पित्ताशयाचा कॅन्सर निघाला. सात महिने नागपूरच्या चकरा केल्या. संक्रांतीनंतर आठव्या दिवशी ती गेली. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. मग घरात मी एकटा.

जुलैत कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. नवीन कोच निवडायचा होता. जाहिरात दिली होती, तीन अर्ज आले होते. निवड समितीत मी बसावं अशी संस्थेच्या अध्यक्षांची इच्छा होती.

अध्यक्षांना सगळे भैयाजी म्हणतात. मी त्यांना भेटायला गेलो. म्हटलं, "भैयाजी, मले बास्केटबॉलचं का समजते? मी धानवाला माणूस."

"अरे उमरावभाऊ, सतरा साल घरमे सुना होगा ना? अजून का पाहिजे? आणि तुम्ही बसले तर कोणी बोट दाखवणार नाही. नाहीतर हा म्हणतो भैयाजीनं भाचा लावला, तो म्हणतो पुतण्या लावला."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. कॉलेजात पोरांच्या गाड्या वाढल्या होत्या. गाड्या रस्त्यावर उभ्या राहायच्या, पोलीस येऊन ओरडायचे. संस्थेतल्या काही लोकांचं म्हणणं होतं की बास्केटबॉलचं मैदान मोडून तिथं गाड्यांचा तळ करावा. आधीच सिमेंटचं आहे, फक्त वर टिनं टाकायची.

"मी म्हटलं, एक साल देखेंगे," भैयाजी म्हणाले. "कोच चांगला भेटला, टीम चालली, तर मैदान राहीन. नाही चालली तर माझ्या हातात नाही. चंद्रकांताबाईची टीम आहे उमरावभाऊ, तुम्हीच पाहा कोणाच्या हातात द्यायची."

म्हणजे मला माहीत होतं. नंतर मी कधीही म्हणू शकत नाही की मला माहीत नव्हतं.

निवडीच्या दिवशी शिपाई छोटेलाल फाटकातच भेटला. चंद्रकांताचा डबा कधी घरी विसरला तर मी कॉलेजात घेऊन जायचो. तेव्हा तो मला बाहेरच्या बाकावर बसवायचा. त्या दिवशी म्हणाला, "आज बाकावर नाही, भाऊ. आज साहेब झाले तुम्ही. खुर्ची पुसून ठेवली आहे. पण जपून बसा, एक पाय लुळा आहे, प्राचार्यासारखा." प्राचार्य लंगडत यायचे, ते मागेच उभे होते. छोटेलालनं जीभ चावली. प्राचार्यच हसले.

समितीत आम्ही चौघं. भैयाजी, प्राचार्य, नागपूरहून आलेले विद्यापीठाचे एक तज्ज्ञ आणि मी. पद्धत अशी होती. प्रत्येक उमेदवारानं अर्धा तास टीमची प्रॅक्टिस घेऊन दाखवायची. मग आत मुलाखत. मग चौघांनी आपापल्या कागदावर पंचवीसपैकी मार्क द्यायचे, एकमेकांना न दाखवता.

मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकल्या होत्या. बारा पोरी निळे टी-शर्ट घालून उभ्या. मला बघून दोघी-तिघींनी मान खाली घातली.

पहिला हिमांशू. गोंदियाचा पोरगा, कोचिंगचा डिप्लोमा केलेला. पिवळ्या रंगाचे प्लास्टिकचे कोन घेऊन आला होता, गळ्यात घड्याळ. "चलो गर्ल्स, फास्ट फास्ट! घुटने मोडो! और नीचे!" पोरी पळाल्या. तज्ज्ञांनी मान डोलावली. मला तो पोरगा वाईट वाटला नाही, पण तो पोरींची नावं विचारायला विसरला.

दुसरी रेणू. रेणू चंद्रकांताच्याच हाताखाली तयार झालेली. ढाल आणली त्या वर्षी तीच कॅप्टन होती. गाव कामठा, पण गोरेगावात खोली करून राहायची. चंद्रकांता आजारी पडल्यावर सात महिने तिनंच टीम सांभाळली होती, एक पैसा न घेता. मानधनाची ऑर्डर चंद्रकांताच्या नावाची होती.

रेणू मैदानात आली आणि तिनं शिट्टी वाजवली. दोन छोट्या, एक लांब. मग कमरेवर डावा हात ठेवून उभी राहिली, एक पाय पुढे. मग ओरडली, "हात वर! हात कोणाच्या बापाचे आहेत? वर!"

ती शिट्टी चंद्रकांताची होती. तो हात, तो पाय, "कोणाच्या बापाचे" म्हणणं, सगळं चंद्रकांताचं होतं. पोरीसुद्धा एकदम तशाच हलायला लागल्या, जशा आधी हलायच्या. मी खुर्चीतून उठलो आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. छोटेलाल आला, म्हणाला, "भाऊ, ऊन लागलं का?" मी हो म्हणालो. आकाशात ढग होते.

परत आलो तेव्हा रेणूचा अर्धा तास संपत आला होता.

तिसरी पुष्पांजली. तीही चंद्रकांताचीच विद्यार्थिनी, पण मॅचमध्ये फार खेळलेली नव्हती. सालेकशाकडची, जंगलातल्या गावची. आई-बाप तेंदूपत्ता तोडतात, मोहफूल वेचतात. बास्केटबॉलच्या मानानं उंची कमी. तीन वर्षं बहुतेक वेळ बाहेर बसून होती, तरी एकही दिवस चुकली नाही. चंद्रकांतानं तिला कधी टीममधून काढलं नाही.

तिनं शिट्टी आणलीच नव्हती. पोरींना गोल उभं केलं आणि बॉल फिरवायला लावला. दोन पोरी अगदी नवीन होत्या, त्यांच्या हातून बॉल सुटायचा. दुसऱ्यांनी त्यांना टाळायला सुरुवात केली. पुष्पांजलीनं खेळ थांबवला. म्हणाली, "इले दिल्याबिगर पुढं नाही जायचा." मग बॉल त्या नवीन पोरींकडे जायला लागला. सुटायचा, परत यायचा, परत जायचा. अर्ध्या तासात बाकी काहीच झालं नाही.

इथं मला आमच्या गावाचं सांगितलं पाहिजे.

आम्ही कोहळी. तलाव बांधणारे लोक. आमच्या गावाचा तलाव माझ्या आजाच्या आजानं आणि त्याच्या भावकीनं बांधला. तलावाचं पाणी कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी सोडायचं हे बघणारा माणूस गाव निवडतं. त्याला पाणकर म्हणतात. आमच्या गावात पाणकर निवडायची रीत अशी की तलावाजवळ ज्याचं शेत आहे त्याला कधी करत नाहीत. पाटाच्या अगदी शेवटी ज्याचं शेत आहे त्याला करतात. कारण त्याला स्वतःच्या धानासाठी पाणी शेवटपर्यंत न्यावंच लागतं. मध्ये कुणी चोरून पाटाचं दार फोडलं, कुठं पाट फुटला, तर त्याचीच बांधी सुकणार. म्हणून तो रात्रंदिवस पाटावर फिरतो. तो शेवटपर्यंत पाणी नेतो म्हणजे मधल्या सगळ्यांना आपोआप मिळतं.

माझं शेत शेवटचं आहे. अकरा वर्षं मी पाणकर आहे. अकरा वर्षांत एकाचंही धान सुकलं नाही. मला आयुष्यात माणूस निवडायची ही एकच रीत माहीत होती.

पुष्पांजलीला बघून मी मनात म्हटलं, हे शेवटचं शेत. ही बाहेर बसलेली आहे, तर बाहेर बसलेल्या पोरीपर्यंत ही बॉल नेईल. आणि रेणू म्हणजे तलावाजवळचं शेत. उंची, कॅप्टनपद, विद्यापीठाची सर्टिफिकेटं, सगळं पाणी तिलाच आधी मिळालं.

मुलाखतीत तज्ज्ञांनी पुष्पांजलीला विचारलं, "आणखी कुठं प्रयत्न चालू आहे?"

"पोलीस भरतीचा फॉर्म भरला आहे, सर. ग्राउंड झालं, लेखी झाली. यादी लागायची आहे."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्याकडे कोणती पोरगी पोलीस भरतीचा फॉर्म भरत नाही?

रेणूला त्यांनी तेच विचारलं. ती म्हणाली, "नाही सर. कुठंच नाही." ते मी कमी तयारीचं लक्षण समजलो.

मग कागद आले. हिमांशूला मी दहा दिले. पुष्पांजलीला बावीस. रेणूच्या नावापुढे पेन धरला आणि मला नळाचं पाणी आठवलं. ती निवडली गेली तर ती शिट्टी रोज वाजणार. मी गोरेगावच्या बाजाराला जाणार, कॉलेजवरून जाणार, आणि ती शिट्टी ऐकू येणार, आणि वळून बघितलं तर चंद्रकांता नसणार. मी नऊ लिहिले. लिहिताना तलावाचीच गोष्ट मनात म्हणत होतो.

प्राचार्यांनी बेरीज केली. पुष्पांजली सत्तर, रेणू सदुसष्ट, हिमांशू पासष्ट. तज्ज्ञांनी चष्मा काढला. "हे नऊ कुणी दिले ते मी विचारणार नाही," ते म्हणाले, "पण त्या मुलीनं अर्ध्या तासात पाच वर्षांचं काम दाखवलं होतं." भैयाजी माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "जो हुआ सो हुआ. उमरावभाऊच्या घरचा विषय आहे, त्याईले जास्त समजते."

मार्कांचा कागद दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागला. त्यावर सदस्यांची नावं नव्हती. एक, दोन, तीन, चार असे रकाने होते.

पुष्पांजलीनं मनापासून काम केलं. ती साडेपाचच्या आधी यायची. सगळ्या पोरींना सारखं खेळवायची. ऑगस्टमध्ये मी एकदा बघायला गेलो. सराव सामना होता, गोंदियाच्या एका कॉलेजशी. आपली टीम पंधरानं मागे होती आणि पुष्पांजलीनं आपली सगळ्यात चांगली पोरगी, आचल, बाहेर बसवून एक नवीन पोरगी आत टाकली. आचल रडायला लागली. मला म्हणाली, "काकाजी, चंद्रकांता मॅडम असं कधी नाही करत. मॅडम म्हणत, खेळ जिंकाले आहे, लाडू वाटाले नाही."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पाण्याचं आणि बॉलचं एक नाही. पाणी सगळ्यांना पोचलं की काम झालं. बॉल सगळ्यांना पोचला तरी हरता येतं.

सप्टेंबरमध्ये तीन पोरी टीम सोडून गेल्या. दोघींच्या बापांनी म्हटलं, हरायचंच आहे तर धानातलं तण काढ. चंद्रकांतासारखं त्यांच्या घरी जाऊन बसणारं कुणी नव्हतं. पुष्पांजली लाजाळू होती, दारातूनच परत यायची.

दिवाळीच्या आठ दिवस आधी पोलिसांची यादी लागली. पुष्पांजली पेढे घेऊन माझ्या घरी आली. माझ्या पाया पडली.

"काकाजी, ट्रेनिंगचं पत्र आलं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं आहे."

"आणि टूर्नामेंट?"

तिनं एक पेढा माझ्या हातात ठेवला. टूर्नामेंट तीन आठवड्यांवर होती.

"माझ्या मायच्या हाताले भेगा पडल्या आहेत तेंदूपत्त्यानं," ती म्हणाली. "मी नाही कशी म्हणू, काकाजी?"

"नाही म्हणू नको," मी म्हटलं. "जा तू."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

आमच्या गावात पाणकर निवडायचा दुसराही एक नियम आहे. ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला पाणकर करत नाहीत, शेत शेवटचं असलं तरी. तलाव आटला तरी त्याचं धान येतंच. तो वाईट माणूस असतो असं नाही. त्याला दुसरं पाणी असतं, एवढंच. हा नियम आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. मुलाखतीत पुष्पांजलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की तिच्या शेतात विहीर खणून होत आली आहे. मी ऐकलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं.

प्राचार्यांनी रेणूला फोन लावला. तिनं उचलला नाही. ते मला म्हणाले, "उमरावभाऊ, तुम्ही जा. तुमचा शब्द मोडणार नाही ती. तीन आठवडे आहेत. ती आली तर काहीतरी होईल. नाहीतर अध्यक्षांना मी काही सांगू शकत नाही."

मी मोटारसायकलनं कामठ्याला गेलो. धानकापणी चालू होती. रेणू आईबरोबर शेतात होती, डोक्याला फडकं बांधून, हातात विळा. तिच्या बापाचं स्वतःचं शेत नाही, ठेक्यानं करतो. मला बघून ती शेताच्या कडेला धुऱ्यावर आली.

"काकाजी! इतक्या दूर कायले आले? फोन करायचा."

"फोनवर तू नाही म्हटलं असतं."

"अजूनही नाहीच म्हणणार आहो," ती हसली. मग आईला हाक मारली, "माय, पाणी आण वं, मॅडमच्या घरचे काकाजी आले."

तिची आई नंदाबाई तांब्या घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, हिले घेऊन जा बापा. धान कापते तर शिट्टी वाजवल्यासारखी मजुरणींवर ओरडते. बाया म्हणतेत, हे कोण इन्स्पेक्टर आली!" आम्ही तिघं हसलो. नंदाबाई परत गेली.

मी टूर्नामेंटचं सांगितलं. पुष्पांजली गेल्याचं, मैदानाचं, गाड्यांच्या तळाचं. रेणू विळ्याचं टोक मातीत टोचत ऐकत होती.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही तिथं होते. नऊ मार्क भैयाजीनं दिले ना?"

मी तांब्या तोंडाला लावला.

"छोटेलाल म्हणे प्राचार्यानं दिले असतीन. मी म्हटलं, नाही, भैयाजीच. पण काकाजी, तुम्ही तरी बोलायचं होतं. तुमाले तर माहीत होतं मी का केलं ते."

"मी दिले," मी म्हटलं.

"काय?"

"नऊ. मी दिले."

ती पुन्हा हसली, मग थांबली. "काऊन दिले?" तिनं विचारलं.

मी तिला तलावाचं सांगितलं. पाणकराचं, शेवटच्या शेताचं. सांगतानाच मला ते हलकं वाटायला लागलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"काकाजी," ती म्हणाली, "ज्या भरतीत पुष्पी लागली ना, त्याच भरतीचा फॉर्म मले भरायचा होता. माझी उंची तर आरामात बसे. शेवटच्या तारखेले मॅडमले नागपूरले नेलं होतं, आणि इकडं पोरींची मॅच होती. मी मॅचले गेली. म्हटलं, पुढच्या वर्षी भरू. माझ्या बापाले एक बांधी नाही स्वतःची. मले दुसरं काहीच नव्हतं. आता तुम्हीच सांगा, शेवटचं शेत कोणाचं होतं?"

मी तांब्या खाली ठेवला.

तिनं विळ्याला लागलेली माती पुसली. मग वेगळ्या आवाजात म्हणाली, "तलावाचीच गोष्ट होती का फक्त? का मॅडम काही बोलल्या होत्या? माझ्याबद्दल? शेवटी शेवटी मले भेटू नाही दिलं तुम्ही. मी काही चुकली होती का?"

नागपूरच्या वॉर्डात, जायच्या चार दिवस आधी, चंद्रकांता मला म्हणाली होती, "रेणू आहे ना, मग टीमची मले चिंता नाही." बस, एवढंच. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. समितीत बसलो तेव्हाही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर मला नऊ लिहिता आले नसते.

आणि रेणूला भेटू दिलं नाही ते यासाठी की ती आली की चंद्रकांता तिच्याशीच बोलायची. टीमचं, पोरींचं. माझ्याशी बोलायला तिच्याजवळ तेवढा दम उरत नव्हता.

धुऱ्यावर उभं राहून मी हे सांगू शकलो असतो. चंद्रकांतानं तुझं नाव घेतलं होतं. तू तिच्यासारखी उभी राहिलीस ते मला बघवलं नाही. तुझं काहीच चुकलं नाही. तीन वाक्यं. मला वाटतं ती आली असती. त्याच संध्याकाळी गाडीवर मागे बसून आली असती.

मी म्हटलं, "नाही. तुझ्याबद्दल काही बोलली नाही."

रेणूनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. मग विळा उचलला. "दिवाळीनंतर मी नागपूरले जाणार आहो, काकाजी. मॉलमध्ये सिक्युरिटीचं काम आहे. तुम्ही जेवून जा, माय जेवल्याबिगर जाऊ नाही देणार."

मी जेवलो. वांग्याची भाजी आणि भात होता. रेणू शेतातून आली नाही.

टूर्नामेंटला टीम ऑफिसच्या क्लार्कबरोबर गेली. आठ पोरी होत्या. मीही गेलो. पहिलीच मॅच. समोरची टीम अठ्ठावन्न, आपण अकरा. अकरापैकी नऊ आचलचे. मॅच चालू असताना पोरी सारख्या बाहेरच्या बाकाकडे बघत होत्या, कुणी काही सांगेल म्हणून. बाकावर क्लार्क मोबाइल बघत होता. त्याला काही सांगता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. परतीच्या गाडीत कुणी रडलं नाही. मला वाटलं रडतील. त्या झोपल्या.

डिसेंबरमध्ये संस्थेचा ठराव झाला. जानेवारीत बास्केटबॉलचे खांब कापून नेले. वर टिनं बसली. भैयाजी स्वतः घरी आले. म्हणाले, "उमरावभाऊ, नाव चंद्रकांताबाईचंच देतो. चंद्रकांता कापगते स्मृती वाहनतळ. उद्घाटन तुमच्या हातानं. बाईचं वर्षश्राद्धही त्याच आठवड्यात आहे, योग चांगला आहे."

त्यांना वाईट वाटत होतं आणि त्यांनी काहीतरी चांगलं करायचं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं नाही. नाही कशाच्या जोरावर म्हणू?

उद्घाटनाला शंभरेक लोक होते. मुलगा पुण्याहून आला होता. मी नारळ फोडला, फीत कापली. प्राचार्यांनी चंद्रकांताबद्दल सांगितलं, चांगलं सांगितलं. मग भैयाजींनी माइक माझ्या हातात दिला. दोन शब्द बोला म्हणाले.

मला वाटलं, आता बोलावं. आता तरी.

मी म्हटलं, "टीम मी बंद पाडली. रेणूला मी नऊ मार्क दिले. चंद्रकांतानं तिचंच नाव घेतलं होतं. मी ते लपवलं. रेणू तिच्यासारखी दिसत होती, ते मले सहन झालं नाही, म्हणून. बाकी काही कारण नव्हतं."

मुलगा पुढे आला, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाला, "बाबा, चला, बसा." भैयाजींनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. "उमरावभाऊ का दुख हम सब समझते हैं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "माणूस गेलं की माणूस स्वतःलाच दोष देते. भगवान त्याईले शक्ती देवो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक-दोन बायांनी डोळ्याला पदर लावला. छोटेलाल खुर्ची घेऊन धावत आला.

मागच्या रांगेत आचल आणि टीमच्या तीन पोरी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी काय बोललो ते त्यांना समजलं होतं. कार्यक्रम संपल्यावर लोक एकेक करून माझ्याजवळ आले, हात जोडून गेले. त्या चौघीही माझ्या समोरूनच फाटकाकडे गेल्या. मी आचलला हाक मारली. ती थांबली नाही.